फाटकाच्या दोन बाजू

मुंबईत मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत मधल्या मोकळ्या चौकावर, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, एक जाळी ताणलेली आहे. ती फेब्रुवारी २०१८ मध्ये बसवली. वरून कोणी उडी घेतली तर माणूस फरशीवर आदळू नये, एवढंच तिचं काम. खानदेशात सरकारी इमारतींच्या सुरक्षेचा विषय निघाला की ही जाळी हमखास निघते. त्याला कारण आहे. ती बसण्याच्या जेमतेम महिनाभर आधी धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतलं होतं. सौरऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकर जमिनीचा मोबदला त्यांना सुमारे ४ लाख रुपये मिळाला होता, आणि योग्य मोबदल्यासाठी ते सरकारी दारं झिजवत होते. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी विष घेतलं, २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस.

जळगावला लागून असलेल्या असोद्यात एकाच घरात या जाळीबद्दल दोन मतं आहेत. एक मत घरातल्या आप्पांचं. ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून, म्हणजे सीआयएसएफमधून, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी सुरक्षा सर्वेक्षणात काढली. वीज केंद्र असो, कारखाना असो की सरकारी कार्यालय. तिथल्या भिंती, फाटकं, दिवे, कुलपं आणि पहारे तपासायचे आणि कच्चे दुवे लिहून द्यायचे, हे त्यांचं काम. दुसरं मत त्यांच्या पुतणीचं. ती जळगावच्या न्यायालयात वकिली करते आणि तिच्याकडचे बरेच दावे भूसंपादनाचे असतात. दोघांची नावं इथे महत्त्वाची नाहीत. एक माणूस वर्दीतला आणि एक काळ्या कोटातला, अशी घरं भुसावळ-जळगावकडे पुष्कळ आहेत. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजायला घातली, की काड्या विझेपर्यंत त्यांचा हा वाद चालतो.

आप्पांचं म्हणणं सरळ आहे. "जाळीनं जीव वाचतो. मग तिला नावं कशाला ठेवायची? जो माणूस टोकाला गेलाय, त्याला अडवणारी एक जरी गोष्ट मध्ये आली तरी तो परत घरी जाऊ शकतो. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठं यश नाही."

"जीव वाचतो हे मलाही मान्य आहे," पुतणी म्हणते. "माझी तक्रार जाळीबद्दल नाही, जाळी किती दिवसांत बसली त्याबद्दल आहे. जाळी आठवड्यांत बसते. मोबदल्याच्या फेरविचाराला वर्षं लागतात. एकाच सरकारची ही दोन कामं आहेत, आप्पा. माणूस पडेल म्हणून लगबग होते आणि तो वर का चढला याची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राहते."

"ती फाईल हलवणं पहारेकऱ्याचं काम नाही."

"नाही. पण तुम्ही सर्वेक्षण करता तेव्हा धोका कुठून येतो हेच आधी लिहिता ना? मग 'अर्जदार वारंवार परत पाठवला जातो' हा धोका तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो?"

आप्पा लगेच उत्तर देत नाहीत. ते आधी आपलं काम समजावून सांगतात, कारण त्यांच्या मते लोकांना सुरक्षा म्हणजे बंदूक आणि शिट्टी एवढंच दिसतं. मुळात हे वेळेचं गणित आहे. समजा, कुंपण ओलांडायला अर्धं मिनिट लागतं, मोकळं आवार पार करायला एक मिनिट, आतलं दार फोडायला तीन मिनिटं. एकूण साडेचार मिनिटं. सशस्त्र पथक यायला चार मिनिटं लागत असतील तर जागा राखता येते. पण चाहूल कुठे लागते यावर सगळं अवलंबून आहे. घंटा कुंपणावर वाजली तर साडेचार मिनिटं हाताशी आहेत. दारावर वाजली तर तीनच उरतात, आणि पथक येईपर्यंत चोर आत असतो. "आपल्या मळ्याचंच बघ," ते म्हणतात. "काटेरी कुंपण रानडुकराला थांबवत नाही, फक्त उशीर करतं. त्या वेळात राखणदार जागा झाला तर केळी वाचते. झोपलेला असेल तर कुंपणाचा खर्च पाण्यात."

म्हणूनच नुसती भिंत उंच करा असं सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. असोद्याच्या पंचक्रोशीतली पोरं ज्या वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणींत नोकरीला लागण्याची स्वप्नं बघतात, तिथलाच दाखला ते देतात. वरणगावचा कारखाना १९६४ पासून बंदुकांची काडतुसं बनवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथून पाच रायफली चोरीला गेल्याची बातमी आली तेव्हा अख्खा जिल्हा हादरला. आप्पांचा पहिला प्रश्न भिंतीबद्दल नव्हता. "अशा वेळी विचारायचं, किल्ली कोणाच्या ताब्यात होती, वहीत सही कोणाची आहे, आणि शेवटची मोजणी कधी झाली. चोरी कळायला जितका उशीर, तितकं आपलं अपयश मोठं. कॅमेरा नंतर सगळं दाखवतो. मोजणी वेळेवर सांगते."

त्यांच्या दलाचा जन्मही मुळात एका आगीतून झालेला आहे. १९६४ मध्ये रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये मोठी आग लागली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मुखर्जी यांचा आयोग बसला, १९६८ मध्ये कायदा झाला आणि १० मार्च १९६९ ला सीआयएसएफ उभं राहिलं. त्या दलाचा स्वतःचा अग्निशमन विभाग आहे. चोर, दंगेखोर आणि आग या तिन्हींचा विचार एकाच डोक्याने करायचा, हे आप्पा तिथेच शिकले.

"कारखान्याचं सगळं पटतं," पुतणी म्हणते. "काडतुसाच्या कारखान्यात किंवा तारापूरच्या अणुवीज केंद्रात मला जायचं कारणच नाही. तिथे अनोळखी माणूस म्हणजे संशय, हे ठीक आहे. पण मंत्रालय, कलेक्टर कचेरी, कोर्ट ही ठिकाणं अनोळखी माणसासाठीच उघडलेली आहेत. तिथे कारखान्याचा नियम लावला की काय होतं ते मी रोज बघते."

मग ती जे सांगते ते आप्पा लक्ष देऊन ऐकतात. धोतर नेसलेला एक म्हातारा फाटकावरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जातो. यंत्र वाजतं. तो मागे येतो. खिशातून चुन्याची डबी निघते, मग अडकित्ता, मग कडदोऱ्याला बांधलेली किल्ली. पुन्हा वाजतं. मागे रांग लागलेली असते, कोणीतरी "आटपा बाबा" म्हणून ओरडतं. काखेतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार आणि तीन जुन्या अर्जांच्या पोचपावत्या असतात. शिपाई पिशवी चाचपून परत देतो, कारण त्यात धातू नाही. "ज्या कागदांसाठी तो घरून पहाटे निघाला, ते कागद फाटकावर कोणीच वाचत नाही. त्याची पहिली सरकारी भेट डबी आणि अडकित्त्यावरच होते," ती म्हणते. "आणि त्याच वेळी बाजूच्या मोठ्या फाटकातून काळ्या काचांची गाडी न थांबता आत जाते."

इथे आप्पा एकदम तिच्या बाजूने बोलतात. "ती गाडी हाच खरा धोका. हे मी तुझ्या आधीपासून सांगतोय."

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला करणारे पाच अतिरेकी पांढऱ्या ॲम्बेसिडरमधून आत शिरले. गाडीवर लाल दिवा होता आणि गृह मंत्रालयाचं स्टिकर होतं. चोरवाट शोधायची त्यांना गरज पडली नाही. सरकारी रुबाबाचा आव आणून ते आले. त्यांचा संशय आलेल्या पहिल्या काही जणांत सीआरपीएफच्या कमलेश कुमारी होत्या. हातात शस्त्र नव्हतं, फक्त वॉकी-टॉकी होता. त्या ओरडत सावध करायला धावल्या आणि गोळ्यांना बळी पडल्या. संसदेच्या पहारा विभागातले जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंग नेगी हेही त्या दिवशी गेले. तिघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मेलेल्यांत बागेत काम करणारा एक माळीही होता.

बरोबर बावीस वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ ला, नव्या संसदेच्या प्रेक्षक सज्जातून दोन तरुणांनी लोकसभेच्या सभागृहात उड्या मारल्या आणि बुटांत लपवून आणलेल्या नळकांड्यांतून पिवळा धूर सोडला. पास एका खासदाराच्या शिफारशीवर मिळालेले होते. बाहेर घोषणा देताना पकडलेल्यांत लातूर जिल्ह्यातला एक तरुण होता. बूट कोणी काढायला लावले नव्हते. त्यानंतर मे २०२४ मध्ये संसदेची सुरक्षा सीआयएसएफकडे गेली.

"दोन्ही वेळा यंत्र हरलं नाही," आप्पा म्हणतात. "एकदा स्टिकरला सूट मिळाली, एकदा शिफारशीला. सूट जिथे, भोक तिथे. माझ्या प्रत्येक अहवालात मी एक ओळ घालायचो: तपासणीतून वगळलेल्यांची यादी लहान करा. त्यावर सगळ्यात उशिरा सही व्हायची."

"म्हणजे समान तपासणी?"

"समान तपासणी. म्हाताऱ्याची डबी बघायची तर साहेबाची डिकीही उघडायची."

"मग मी एक पाऊल पुढे जाते. तपासणी समान, तर आत जाण्याचा हक्कही समान. मंत्रालयात सामान्य अभ्यागताला वर्षानुवर्षं दुपारनंतर प्रवेश मिळतो. आमदारासोबत आलेला माणूस सकाळीच आत असतो. विखरणहून रात्रीच्या गाडीने आलेल्याने तोवर कुठे बसायचं?"

आप्पा मान हलवतात, पण मुद्दा सोडत नाहीत. गर्दीचा त्यांचा अनुभव वेगळा आहे. दरवाजे उघडे ठेवले की मन मोठं दिसतं, पण आग लागली तर आत किती माणसं आहेत हे सांगता आलं पाहिजे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. माणसं खिडक्यांबाहेरच्या अरुंद कठड्यांवर उभी राहिली होती. पाच जण गेले. "त्या दिवशी अग्निशमन दलाला एकच गोष्ट हवी असते. कुठल्या मजल्यावर किती जण? ज्या इमारतीत कोणीही कुठेही फिरतो तिथे या प्रश्नाला उत्तर नसतं. पास ही नुसती परवानगी नाही. आत गेलेला माणूस बाहेर आला की नाही, हे त्यावरून कळतं."

म्हणूनच २०२५ पासून मंत्रालयात आलेली चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि पास काढण्यासाठीचं 'डिजी प्रवेश' ॲप या दोन्हींचं त्यांनी स्वागत केलं. ज्या विभागात काम त्याच मजल्यावर प्रवेश, हे तत्त्व त्यांना योग्य वाटतं. पुतणीला यातला एक भाग खुपतो. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिडकी ठेवलेली आहे हे ती मान्य करते. "पण अर्जदाराला आपलं काम कुठल्या मजल्यावर आहे हेच माहीत नसतं, आप्पा. महसूलवाले ऊर्जा विभागाकडे बोट दाखवतात, ऊर्जावाले जिल्ह्याकडे. धर्मा पाटलांचं प्रकरण जमिनीचं होतं, प्रकल्प विजेचा होता, मोबदला जिल्ह्यातून ठरला होता. एका मजल्याचा पास घेऊन तीन खात्यांत अडकलेला माणूस काय करणार? आणि त्याचा चेहरा साठवून ठेवायचा असेल तर किती दिवस, हे त्याला फाटकावर कोणी सांगितलं पाहिजे."

चेहऱ्याची साठवण किती दिवस, याचा नियम लेखी आणि दर्शनी हवा, यावर आप्पांची हरकत नाही. मजल्याच्या बाबतीत मात्र ते हटत नाहीत. त्यांचा उपाय असा की खात्यांनी माणसाकडे खाली यावं. तळमजल्यावर सगळ्या विभागांचा एकेक जाणता कर्मचारी बसवा, आणि वर जाण्याची गरज निम्म्याने कमी करा. पुतणी म्हणते, हा सुरक्षेचा उपाय नाही, कारभाराचा आहे. आप्पा म्हणतात, चांगला सुरक्षा सल्ला बहुतेक वेळा कारभाराचाच निघतो, म्हणून तो कोणाला नको असतो.

यानंतर वाद फाटकावर उभ्या असलेल्या माणसाकडे वळतो, आणि इथे दोघांचा आवाज चढतो. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. २०१० च्या कायद्याने राज्य सुरक्षा महामंडळ आलं. त्याचे जवान आज सरकारी इस्पितळांत आणि प्रकल्पांवर दिसतात. तरीही पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराचा माणूस सलग बारा तास उभा असतो. बसायला खुर्ची नाही, पाण्याची सोय लांब, आणि अंगावर आलेल्या गर्दीला काय सांगायचं याचं प्रशिक्षण नाही. "अशा माणसाकडून तुम्ही सौजन्याची अपेक्षा करता," आप्पा पुतणीला म्हणतात. "तो उद्धट नसतो, थकलेला असतो. पडद्यावर सोळा कॅमेऱ्यांची चित्रं बघत बसलेल्याचं लक्षही थोड्याच वेळात उडतं. माणूस बदलत राहावा लागतो. पण पाळी वाढवा म्हटलं की खर्च दिसतो, आणि कॅमेरे वाढवा म्हटलं की उद्घाटन होतं."

पुतणीला हे पटतं, कारण तिने अशा रक्षकांच्या थकलेल्या पगाराची प्रकरणंही पाहिली आहेत. ती २६ नोव्हेंबर २००८ ची आठवण काढते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी होत्या. अतिरेक्यांना त्यांची काहीच अडचण झाली नाही. पन्नासहून अधिक माणसं तिथे मारली गेली. त्या रात्री अनेकांना वाचवलं ते उद्घोषक विष्णू झेंडे यांनी. आपल्या खोलीतून गोळीबार दिसत असताना ते ध्वनिक्षेपकावरून लोकांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले. त्यांच्या हातात फक्त माइक होता. "तुमच्या गणितात हे कुठे बसतं?" ती विचारते.

"अगदी मधोमध," आप्पा म्हणतात. "त्याला धोका दिसला, त्याने तो लगेच लोकांपर्यंत पोचवला, आणि त्याला स्टेशनच्या वाटा माहीत होत्या. मी अशीच माणसं शोधत फिरायचो. प्रत्येक इमारतीत एखादा लिफ्टवाला, एखादी सफाई करणारी बाई, एखादा चहावाला असतो, ज्याला कोण रोजचं आणि कोण नवीन हे सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. पण सुरक्षेच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही."

जाळीवर मात्र एकमत होत नाही. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदार धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीला विरोध म्हणून याच जाळीवर उतरले. सत्तेत बसलेल्या माणसालाही सरकारचं लक्ष वेधायला जाळीवर उतरावं लागतं, तर सातबारा घेऊन आलेल्याने काय करावं, हा पुतणीचा सवाल. आप्पांचं उत्तर असं की त्या दिवशीही जाळी तिचं काम करत होती; कोणाला इजा झाली नाही.

शेवटी दोघं एका ठोस कामावर येतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अर्जदार येतात, आणि पेट्रोलची बाटली घेऊन कोणी येईल या भीतीने पोलीसही येतात. आप्पांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर आराखडा काढला आहे. फाटकावर गर्दी साचू द्यायची नाही, कारण साचलेली गर्दीच धोक्यात असते. आत काही अंतरावर मांडव, पाणी, बाकं. तिथेच झडती, तीही टेबलावर, सगळ्यांसमोर खिसे उलटे न करता. बाहेर पडायची वाट वेगळी आणि कुलूप नसलेली. पुतणीने त्यात एक टेबल वाढवलं आहे. झडतीच्या आधी, मांडवात शिरताच, शिक्का घेऊन बसलेला कारकून अर्ज घेईल आणि पोच देईल. म्हणजे पुढे काहीही झालं तरी माणूस रिकाम्या हाताने परत जाणार नाही. आप्पांना आधी ते टेबल झडतीच्या पलीकडे हवं होतं. बऱ्याच वादानंतर त्यांनी ते खोडून अलीकडे काढलं. फक्त कारकुनाच्या मागे एक मोकळी वाट सोडली.

सूट मिळालेल्यांचं काय, हे अजून ठरलेलं नाही. आप्पांचा प्रस्ताव आहे की न तपासता सोडलेल्या प्रत्येक गाडीची नोंद रजिस्टरमध्ये व्हावी आणि त्यावर शिपायाने नव्हे, सूट देणाऱ्या अधिकाऱ्याने सही करावी. पुतणी विचारते, ते रजिस्टर माहिती अधिकारात मिळेल का?

"नाही," आप्पा म्हणतात. "कोण, कधी, कुठल्या गाडीने येतो हे बाहेर गेलं तर त्याच्या जिवाला धोका. कायद्यात तशी तरतूद आहे."

"आहे, कलम ८. पण कलम १० सुद्धा आहे. धोक्याचा भाग झाकून उरलेलं देता येतं. मला गाडीचा नंबर नको, वेळ नको. सूट कोणी दिली, त्या अधिकाऱ्याचं पद सांगा."

"महिन्याला किती गाड्या सोडल्या तो आकडा घे. पद कळलं की लोक त्या अधिकाऱ्याच्या दारात बसतील."

"बसू देत की," पुतणी म्हणते. "नुसत्या आकड्यावर मी कोणाला जाब विचारू?"